दुर्वासाची सोय

विसरण्याच्या बाबतीत माझा हात धरील असा माणूस आमच्या पेठेत तरी नाही. कोथिंबीर आणायला म्हणून निघतो आणि वर्तमानपत्र घेऊन परततो. कपाळावर चष्मा ठेवून घरभर चष्मा शोधणे हा प्रकार आमच्याकडे इतका जुना झाला आहे, की आता त्याला कोणी हसतही नाही. नात मुकाट्याने कपाळाकडे बोट दाखवते आणि पुढे जाते. एकदा एका लग्नाला आहेराचे पाकीट घेऊन गेलो, पोटभर जेवलो, पान खाल्ले आणि पाकीट खिशात तसेच घेऊन घरी आलो. पुढच्या महिन्यात तेच पाकीट दुसऱ्या लग्नात दिले. वरच्या वधूवरांची नावे बदलायची राहून गेली.

गंमत अशी, की आपल्याकडे विसराळू माणसाचे थोडे कौतुकच होते. चिडका माणूस नकोसा वाटतो, कंजूष माणसाला नावे ठेवतात, पण विसराळू म्हटले की लोकांना तो विद्वान असेल असा संशय येतो. ह्या संशयाचा फायदा मी पन्नास वर्षे घेत आलो. फक्त आमच्या घरात तो चालत नाही. परवा असाच कुठलासा घोटाळा झाल्यावर मी नेहमीचे ठेवणीतले वाक्य काढले, "अगं, माझा स्वभावच विसराळू." तर ही तांदूळ निवडता निवडता, वर न पाहता म्हणाली, "कुठं काय विसरता? खालच्या मजल्यावरच्यांकडे तुमचे साडेतीनशे रुपये राहिलेत. चार वर्षांत ते एकदा तरी विसरलात का?"

मी गप्प बसलो. कारण नुकताच जिन्यात त्या गृहस्थांशी बोलताना मी ती रक्कम मनातल्या मनात म्हणून आलो होतो.

अशा वेळी पुरुषमाणसाने पुस्तकांचे कपाट आवरायला घ्यावे. त्यात राग जातो, आणि आवरलेही जात नाही. दुसऱ्याच खणात कॉलेजातले 'शाकुंतल' हाताला लागले. मो. रा. काळ्यांची टीपांसकट आवृत्ती. पुठ्ठा निघालेला, कडा वाळवीने शिवून दिल्यासारख्या. ह्या पुस्तकावर मी बी. ए. झालो, म्हणजे त्यातल्या टीपांवर झालो. नाटक वाचायचे राहिले होते. ते आता, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, रद्दीच्या ढिगावर बसून वाचायला घेतले. चौथ्या अंकापासून. चौथा अंक सर्वात चांगला असे परीक्षेत लिहिल्याचे आठवत होते, म्हणून.

आणि वाचता वाचता मला एकदम आनंद झाला. मला माझा मूळ पुरुष सापडला. राजा दुष्यंत! विसराळूंचा कुलस्वामी! एवढी लग्नाची बायको विसरणारा माणूस जर सात अंकांच्या नाटकाचा नायक होऊ शकतो, तर कोथिंबीर विसरणाऱ्याने का म्हणून मान खाली घालावी? मी ताबडतोब दुष्यंताचे वकीलपत्र घेतले.

खटला तसा सोपा दिसत होता. शकुंतला नवऱ्याच्या विचारात बुडालेली असताना दुर्वास दाराशी येतात. तिचे लक्ष नसते. ते शाप देतात, की ज्याच्या नादात तू मला विसरलीस तो तुला विसरेल. झाले! अशील निर्दोष. तो विसरला नाही, त्याला विसरायला लावले. पुढे सातव्या अंकात मारीच ऋषी हा सगळा उलगडा करतात तेव्हा दुष्यंत सुटकेचा श्वास सोडतो, की चला, आपल्यावरचा ठपका गेला. शकुंतलेलाही बरे वाटते. ती म्हणते, मला असा शाप झाल्याचे आठवत नाही खरे, पण ह्यांनी मला विनाकारण टाकले नव्हते. म्हणजे फिर्यादीचीच तक्रार नाही! एवढा सोपा खटला वकिलाच्या नशिबी क्वचित येतो.

पण वकिलाने एक पथ्य पाळावे. मूळ कागदपत्रे उघडू नयेत. मी उघडली. महाभारताच्या आदिपर्वात ही गोष्ट आहे, आणि तिथे शापही नाही, अंगठीही नाही. व्यासांची शकुंतला लग्नाआधीच अट घालते की माझा मुलगा गादीवर बसेल, आणि दुष्यंत हो म्हणतो. मग काही वर्षांनी ती मुलाला घेऊन दरबारात येते. दुष्यंताला सगळे आठवत असते. व्यास तसे स्वच्छ सांगतात. आणि सगळे आठवत असताना तो म्हणतो, मला काही आठवत नाही, तू कोणाची कोण? त्यावर ही बाई रडत नाही. ती भर दरबारात त्याला सत्य म्हणजे काय ते शिकवते, आणि शेवटी बजावते, की तू नसलास तरी माझा मुलगा ह्या पृथ्वीचे राज्य करील. अखेर आकाशवाणी होते आणि मग राजेसाहेब म्हणतात, मला ठाऊकच होते, पण नुसत्या हिच्या शब्दावर स्वीकारले असते तर लोकांनी संशय घेतला असता.

म्हणजे व्यासांचा दुष्यंत खोटारडा. कालिदासाला असला नायक घेऊन शृंगाराचे नाटक कसे करता येणार? त्याने दुर्वासांना बोलावले. वास्तविक दुर्वास रंगमंचावर येतही नाहीत. पडद्याआडून चार ओळी म्हणतात आणि चालू लागतात. एवढ्यात लबाडीचा विसराळूपणा झाला. साहित्यात इतक्या थोड्या श्रमात इतक्या मोठ्या माणसाची अब्रू वाचवल्याचे दुसरे उदाहरण निदान मला ठाऊक नाही.

इथवर माझी बाजू चांगली होती. 'दुष्यंत लबाड' हा आरोप व्यासांच्या दप्तरी जमा आणि 'दुष्यंत निर्दोष' हा निकाल कालिदासाच्या कोर्टात. पण पाने मागेपुढे चाळताना माझ्या लक्षात येऊ लागले, की कालिदासाने अशिलाला सोडवले खरे, पण त्याच्याविरुद्धचे साक्षीदार नाटकातच जागोजाग बसवून ठेवले आहेत. कुणी विचारले नाही म्हणून ते बोलत नाहीत, एवढेच.

पहिली साक्षीदार अनसूया. चौथ्या अंकाच्या सुरुवातीला दोघी सख्या फुले तोडीत असतात. राजा नुकताच यज्ञ आटोपून राजधानीला गेलेला. अनसूया म्हणते, आता हा अंतःपुरात जाईल, मग त्याला इथली आठवण राहील की नाही कोण जाणे. प्रियंवदा तिची समजूत घालते, की अशा चेहऱ्याची माणसे तशी नसतात. (प्रियंवदेला जगाचा अनुभव कमी.) आणि त्यानंतर मग दुर्वास येतात! हे मी तीनदा वाचून पाहिले. विसरण्याची शंका आधी, शाप मागाहून. आश्रमात वाढलेल्या, राजवाडा कधी न पाहिलेल्या पोरीला जे कळले ते कळायला ऋषीची गरज नव्हती.

दुसरी हंसपदिका. पाचवा अंक उघडतो तो तिच्या गाण्याने. ही राजाची एक राणी. कधीकाळी लाडकी होती. आता आत बसून गाणे म्हणते, त्यात भुंग्याचे निमित्त करून नव्या फुलावर गेल्यावर जुने विसरलास काय असे विचारते. राजा हसून विदूषकाला म्हणतो, हिच्यावर मी एकदा प्रेम केले होते, जा, तिची समजूत काढ. आता हंसपदिकेला विसरायला कोणत्या ऋषीने शाप दिला होता? तिच्या वेळी दुर्वास कुठे होते? तिला विसरला तो आपला आपणच विसरला, सवयीने, आपण चावी विसरतो तसा. आणि हे गाणे कालिदासाने नेमके कुठे घातले आहे? शकुंतला दरबाराच्या दारात येऊन उभी राहणार, त्याच्या अगदी तोंडावर. पोटुशी बाई बाहेर उभी आणि आतून हे गाणे.

तिसरा साक्षीदार विदूषक माधव्य. हा तर माझ्याच पक्षाचा, जेवणावळीचा माणूस, पण त्याने मला पुरते बुडवले. दुसऱ्या अंकात दुष्यंत त्याला शकुंतलेबद्दल भरभरून सांगतो. मग त्याला राजधानीला धाडायची वेळ येते तेव्हा मनात येते, की हा बडबड्या अंतःपुरात बोलून बसेल. म्हणून जाता जाता सांगतो, ते सगळे थट्टेत बोललो रे, खरे मानू नकोस. सहाव्या अंकात अंगठी मिळते, राजाला सगळे आठवते, तो छाती पिटतो आणि विदूषकाला विचारतो, मी विसरलो ते विसरलो, तू तरी आठवण का नाही केलीस? माधव्य म्हणतो, मी नव्हतो विसरलो. तुम्हीच म्हणालात थट्टा होती, माझ्या मातीच्या डोक्याने ते खरे धरले.

आता सांगा. हे दुसऱ्या अंकात घडले. शाप चौथ्या अंकात आहे. आठवण करून देणारा एकच माणूस होता, त्याचे तोंड राजाने स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत असताना बंद केले होते. शापाने फक्त उरलेले काम केले.

आणखी एक बारीकसा मुद्दा आहे. निघताना राजाने बोटात अंगठी घातली तेव्हा सांगितले होते, की तिच्यावरच्या माझ्या नावाचे रोज एक अक्षर मोज, अक्षरे संपतील त्या दिवशी तुला न्यायला माणूस येईल. दुष्यंत. तीन अक्षरे. मोठ्या नावाचा राजा निवडायला हवा होता, असा विनोद मी इथे समासात पेन्सिलीने लिहून ठेवला, पण लिहिताना हसू आले नाही.

आमच्या मराठी रंगभूमीची सुरुवातही ह्याच नाटकाने झाली, निदान संगीत रंगभूमीची. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात 'शाकुंतल' केले ते पहिले चारच अंक. म्हणजे त्या रात्रीचे पुणेकर शकुंतलेला सासरी रवाना करून, डोळे पुसून, घरी जाऊन झोपले. पुढे दरबारात तिचे काय झाले ते पाहण्याची पाळी त्यांच्यावर आली नाही. भाग्यवान माणसे. एरवी चारच अंक दाखवून सोडून दिले तर पुणेकर तिकिटाचे अर्धे पैसे परत मागायचे!

दरबारातला तो पाचवा अंक फार वाईट आहे. चांगला आहे म्हणून वाईट आहे. शकुंतला अंगठी दाखवायला जाते तर बोट रिकामे. गौतमी म्हणते, शचीतीर्थाच्या पाण्याला नमस्कार करताना पडली असेल. राजा हसतो, बायकांना वेळेवर बरे सुचते म्हणतो. मग ती बिचारी एका हरिणाच्या पाडसाची गोष्ट सांगते. ते तुमच्या हातून पाणी पीत नव्हते, माझ्या हातून प्याले, तेव्हा तुम्ही असे असे म्हणाला होता. दोन माणसांतली आठवण. तिला तिसरा साक्षीदार नसतो. दुसऱ्याने 'नाही' म्हटले की संपली. दुष्यंत त्या पाडसाचीही टिंगल करतो. तेव्हा ती त्याला अनार्य म्हणते. मी वकीलपत्र तिथेच खाली ठेवले.

आणि विसरण्याचा मार कोणी खाल्ला? तर शक्रावताराच्या एका कोळ्याने. त्याने रोहित मासा कापला, पोटात अंगठी निघाली, विकायला गेला, शिपायांनी चोर म्हणून हात मागे बांधून चोपत नेला. राजाची स्मरणशक्ती गेली ती ह्याच्या पाठीवर. मग अंगठी ओळखू येते, बक्षीस मिळते, त्यातले निम्मे तो त्याच शिपायांना देतो आणि सगळे मिळून दारूच्या दुकानाकडे जातात. इतका खरा प्रवेश आपल्या वाङ्मयात फार थोडा असेल. आजही कुठल्याही चौकात तो जसाच्या तसा करून दाखवता येईल, फक्त मासा बदलावा लागेल.

मला राहून राहून वाटू लागले, की व्यासांचा दुष्यंत परवडला. तो खोटे बोलतो, पण आपण खोटे बोलतो हे त्याला माहीत असते. त्याला रात्री एखादे वेळी झोप लागली नसेल. विसरलेला माणूस घोरतो.

असो. पुस्तक मिटायला गेलो तेव्हा त्यातून एक पिवळी चिठ्ठी खाली पडली. गोष्ट जमवायची असती तर ती कोळ्याच्या प्रवेशात सापडायला हवी होती, पण ती होती दुसऱ्या अंकाच्या टीपांत. परीक्षेच्या आदल्या रात्री मी तिथवरच पोचलो होतो. साताऱ्याच्या बाजारपेठेतल्या एका सोनाराची चिठ्ठी. फेब्रुवारी 1969. सोन्याची अंगठी एक, खड्याशिवाय. रुपये साठ.

आधी काहीच कळेना. मग पायाखालची रद्दी सरकल्यासारखे झाले.

आक्का माझी आतेबहीण. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. लग्न होऊन वाईला दिलेली. मी साताऱ्याला कॉलेजात, घर कोरेगावला. परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत दुसऱ्या दिवशी संपणार, आणि दादांची मनिऑर्डर आलेली नाही. मी वाईला गेलो. आक्काकडे रोकड कुठली असायला? सासूचे राज्य. तिने मागच्या दाराशी नेऊन बोटातली अंगठी काढून दिली. "गहाण ठेव. फॉर्म भर. नोकरी लागली की सोडवून आण. घाई नाही," म्हणाली. मी म्हणालो, "पहिल्या पगारात आणतो." तारीखवार सांगायचे तर 1970च्या जुलैत मला पुण्याला नोकरी लागली. पहिल्या पगारात काय काय घेतले ते मला विचारा, आत्ता सांगतो. एच.एम.टी.चे घड्याळ, दोन शर्टांचे कापड, आईला नऊवारी, देवापुढे अकरा रुपये. आणि आक्काला पेढे. स्वतः नेऊन दिले.

अंगठी नाही.

त्यानंतर आक्काकडे किती वेळा जेवलो असेन! तिच्या मुलांच्या मुंजी, लग्ने, भाऊजींचे तेरावे. सगळीकडे मी होतो. सगळीकडे तिने "बंडू आला, ह्याला विसरायची सवय आहे, ह्याची छत्री आत ठेवा" असे कौतुकाने सांगितले. माझ्याभोवती एकही ऋषी फिरकल्याचे मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी हिला सगळे सांगितले. ही काही बोलली नाही. कपाटातून आपली एक अंगठी काढून रुमालात बांधून दिली आणि म्हणाली, "एस.टी. साडेसहाला आहे. तिकडं जाऊन विसरू नका."

आक्का आता ब्याऐंशीची आहे. ऐकू कमी येते, बाकी ठणठणीत. घाटाकडच्या खोलीत खाटेवर बसली होती. मी चिठ्ठी तिच्या पुढ्यात ठेवली. भिंग घेऊन तिने ती सावकाश वाचली आणि हसायला लागली. इतकी हसली, की सून पाणी घेऊन आली.

"अरे, ह्या अंगठीपायी काय रामायण झालं तुला ठाऊक आहे? सासूबाईंनी बोट पाहिलं. आता काय सांगू? म्हटलं, गणपतीच्या घाटावर धुणं धुताना सुटली. तर त्यांनी पोहणाऱ्या पोरांना दहा-दहा पैसे देऊन बुड्या मारायला लावल्या. चार दिवस! पोरं आपली वाळू काढतायत नि मी वर उभी. पुढं जन्मभर मला वेंधळी म्हणाल्या. सोनं म्हणून माझ्या हातात कधी दिलं नाही. शेवटच्या दुखण्यात मुखात गंगाजल घातलं मी, तेव्हा म्हणाल्या, भांडं पाडू नकोस."

"तू मला आठवण का नाही केलीस?" मी विचारले. विचारल्यावर लक्षात आले, की हे वाक्य मी नुकतेच कुठेतरी वाचले आहे.

"एकदा करणार होते. तू पेढे घेऊन आलास तेव्हा. वाटलं, आता काढील खिशातून. मग वाटलं, पोराचा पहिला पगार आहे, जाऊ दे."

मी रुमाल सोडून अंगठी पुढे केली. तिने ती घालून पाहिली. संधिवाताने बोटांची पेरे सुजलेली. पहिल्या पेरापुढे जाईना. मग तिने ती सुनेला दाखवली, उजेडात धरून वजनाचा अंदाज घेतला, आणि भिंगातून माझ्याकडे पाहिले.

"खरं सांग बंडू. खरंच विसरला होतास?"

मी "अगं, खरंच..." म्हणून सुरुवात केली आणि अडलो. कारण पेढे मी साताऱ्याहून घेतले होते, कोरेगावहून परतताना. कंदी पेढे. पेढेवाल्याचे दुकान मला लख्ख दिसत होते. आणि त्याच्या पलीकडे चार दुकाने सोडून सोनाराची पाटी.

आक्काला ऐकू कमी येते. मी काहीतरी उत्तर दिले असे तिला वाटले असावे. तिने मान हलवली.

"पेढे मात्र चांगले होते हो," ती म्हणाली आणि सुनेला चहा टाकायला सांगितला.